तोत्तोचान कोणत्या कपाटात?

मी शनिवार-रविवार ज्या वाचनालयात मदतीला बसते, तिथे ‘तोत्तोचान’ या जपानीतून आलेल्या शाळकरी आठवणींच्या पुस्तकाच्या तीन प्रती आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या कपाटांत. एक शिक्षणशास्त्रात, बी.एड.च्या गाइडांना खेटून. एक अनुवादित आत्मचरित्रांत. तिसरी बालविभागात. तिचा पुठ्ठा सुटलाय, पानांचे कोपरे मऊ पडलेत आणि पाठीवर पिवळी चिकटपट्टी आहे. पिवळी म्हणजे ९ ते १२ वर्षं. पट्ट्यांची पद्धत आमचीच. मुलांना पुस्तक शोधायला सोपं जावं म्हणून सुरू केली होती. पुढे कधी ती पुस्तक द्यायची की नाही ते ठरवू लागली, आमचं आम्हालाच कळलं नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सात वर्षांची एक मुलगी ही पिवळी प्रत घेऊन काउंटरवर आली. तिचं कार्ड हिरवं, म्हणजे ६ ते ८. मी सवयीनं म्हटलं, “अगं, हे मोठ्या मुलांचं आहे, तुला वाचायला जड जाईल.” ती म्हणाली, “मला वाचायचं नाहीये, बघायचंय.” नियमात बघण्यासाठी रकाना नव्हता. शेवटी पुस्तक तिच्या आईच्या कार्डावर गेलं आणि मी खजील झाले. एकच पुस्तक आम्ही तीन कपाटांत ठेवलं होतं, आणि ज्या कपाटात मुलं होती तिथल्या प्रतीवर कुंपण घातलं होतं. तेव्हापासून या एका पुस्तकाचं वय कोणी, कधी आणि कशावरून ठरवलं, याचा माग काढायला लागले. तो इथे मांडते.

मूळ जपानी पुस्तक मार्च १९८१ मध्ये कोदान्शा या प्रकाशनानं काढलं. त्याआधी ते फेब्रुवारी १९७९ ते डिसेंबर १९८० या काळात ‘वाकाई जोसेई’ या मासिकात क्रमशः येत होतं. नावाचा अर्थच ‘तरुण स्त्री’. म्हणजे पहिला वाचकवर्ग विशी-तिशीतल्या बायका. लेखिका तेत्सुको कुरोयानागी तेव्हा जपानी दूरदर्शनवरचा घराघरात ओळखीचा चेहरा होत्या. त्यांचा मुलाखतींचा कार्यक्रम १९७६ पासून सुरू होता. विषय त्यांच्या बालपणाचा असला, तरी लिहिलं ते मोठ्यांसाठी.

शीर्षकही मोठ्यांनाच कळावं असं. जपानी नावाचा सरळ अर्थ ‘खिडकीशी बसलेली तोत्तोचान’. छोटी तोत्तो, म्हणजे लहानपणची लेखिकाच, वर्गाच्या खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारायची, म्हणून ते नाव, असं मूल समजून घेतं आणि ते बरोबरच आहे. पण त्या काळात जपानी कचेऱ्यांमध्ये ज्याला काही काम उरलेलं नाही, नुसता बाजूला सारलाय, अशा नोकराला ‘खिडकीशी बसवलेला’ म्हणत. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेल्या मुलीच्या गोष्टीला हे नाव देताना लेखिकेच्या डोक्यात तो टोमणाही होता. आठ वर्षांच्या वाचकाचं तो न कळल्यानं काहीच अडत नाही.

काढून टाकल्याची ती गोष्ट खुद्द तोत्तोलाही माहीत नव्हती. आपल्याला पहिल्या शाळेतून काढलं होतं, हे आईनं तिला ती वीस वर्षांची झाल्यावर सांगितलं. तोवर तिला वाटत होतं, शाळा बदलली एवढंच. लेखिकेनं हे स्वतःच लिहिलंय. एका अर्थी आईनंही या गोष्टीवर पट्टी चिकटवली होती, ‘२० वर्षांपुढे’ अशी. आणि आज पुस्तक उघडणाऱ्या कोणत्याही दुसरीतल्या मुलाला पहिल्या काही पानांतच ती बातमी कळते. आईचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही, उलट फार शहाणा वाटतो. सहा वर्षांच्या मुलीला स्वतःविषयी ते ऐकून काय वाटलं असतं आणि सात वर्षांच्या मुलीला दुसरीविषयी ते वाचून काय वाटतं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वयाचं लेबल लावताना आपण त्या सर्रास एक धरतो.

पुस्तक बाहेर पडलं आणि वर्षभरातच ४५ लाख प्रतींच्या घरात गेलं. एवढ्या प्रती ज्या देशात घरोघर पोचतात, तिथे त्या घरातल्या मुलांच्या हाती लागणारच. लेखिकेला पाच वर्षांच्या मुलापासून शंभरी ओलांडलेल्या वाचकापर्यंत पत्रं आली. जपानी शिक्षण खात्यानं त्यातली प्रकरणं शाळेच्या अभ्यासाला घेतली. शेतकरी मास्तर बनून मुलांना पेरणी शिकवतो तो प्रसंग तिसरीच्या भाषेला लागला. म्हणजे ज्या पुस्तकाला बाजारानं ‘मोठ्यांचं’ म्हटलं, त्याचाच तुकडा सरकारनं आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या दप्तरात घातला.

जपानी पुस्तकावर ‘मोठ्यांचं’ हे लिहितात कुठे? मागच्या बाजूला ‘सी’नं सुरू होणारा चार अंकी क्रमांक छापलेला असतो. त्यातला पहिला अंक पुस्तक कोणाला विकायचं ते सांगतो. ० म्हणजे सर्वसाधारण वाचक, ८ म्हणजे बालवाचक. पुस्तकाचा आकार-प्रकार आणि विषय पुढच्या अंकांत. दुकानातला माणूस तो क्रमांक बघतो आणि पुस्तक त्या मांडणीत ठेवतो. वाचणाऱ्या मुलाला त्याचा पत्ताही नसतो. लेबल दुकानदारासाठी आणि खूण छोटी, ही सोय मला आवडली. आमच्या पिवळ्या पट्टीसारखी ती मुलाच्या तोंडावर येऊन आदळत नाही.

पण जपानी मुलाला खरी अडचण येते ती लिपीची, आणि हे मराठी वाचकाला जरा थांबून समजून घ्यावं लागतं. जपानीत दोन अक्षरमाला आहेत आणि वर चिनी मूळ असलेली चित्राक्षरं, म्हणजे कांजी. कोणत्या इयत्तेत कोणती कांजी शिकवायची हे सरकार ठरवतं. १९८१ मध्ये पहिलीच्या वाट्याला ७६ होती, आणि सहा वर्षांची प्राथमिक शाळा संपेपर्यंत ९९६. त्याच वर्षी मोठ्यांच्या रोजच्या वापरासाठी जाहीर झालेल्या यादीत मात्र १,९४५. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजेच मुलांचं पुस्तक आणि मोठ्यांचं पुस्तक यांच्यातलं अंतर. न शिकलेलं कांजी समोर आलं की मूल अडखळतं असं नाही, ते थांबतंच. आपल्याकडे अनोळखी शब्द निदान उच्चारता येतो. तिथे उच्चारही कळत नाही.

यावर तोडगा आहे फुरिगानाचा. अवघड कांजीच्या वर किंवा बाजूला बारीक अक्षरांत त्याचा उच्चार छापायचा. कोदान्शाची ‘आओई तोरी बुन्को’ नावाची मुलांसाठीच्या खिशातल्या पुस्तकांची मालिका १९८० पासून आहे. नावाचा अर्थ निळा पक्षी. तिच्यावर वय न छापता शाळेचा टप्पा छापतात: प्राथमिकच्या मधल्या वर्गांपासून, वरच्या वर्गांपासून, असा. १९९१ मध्ये तोत्तोचान या मालिकेत आली, आणि मागचा पहिला अंक ८ झाला.

दहा वर्षांत पुस्तक ‘लहान’ झालं, ते कशामुळे? गोष्ट तीच राहिली. पोलिओ झालेला तिचा वर्गमित्र यासुआकी तोत्तोच्या मदतीनं झाडावर चढतो, आणि पुढे त्याच पुस्तकात तो मरतो. तोत्तो त्याच्या अंत्यविधीला जाते. कोंबडीची पिल्लं मरतात. पोहण्याच्या तळ्यात मुलं-मुली कपडे न घालता उतरतात, कारण रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या तिच्या नव्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी यांना वाटतं की आपल्या शरीराची लाज मुलांच्या मनात घर करू नये, खास करून ज्यांच्या शरीरात काही व्यंग आहे त्यांच्या. संडासाच्या टाकीत पडलेलं पाकीट शोधायला तोत्तो मैला उपसते. शेवटी १९४५ च्या हवाई हल्ल्यात शाळा जळते. आजच्या कुठल्याही ‘आशयानुसार वयोगट’ ठरवणाऱ्या समितीसमोर ही यादी ठेवली, तर किमान तीन ठिकाणी भुवया वर जातील. जपानी प्रकाशकानं मुलांसाठी आवृत्ती करताना यातल्या कशाला हात लावला नाही. त्यानं मुलांना वाचायला मदत केली, बारीक अक्षरांची. लेबलाचं काम कुठवर असावं याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

आता चित्रांकडे येते. माझ्या मते पुस्तकाला सगळ्या वयांतून फिरवून आणलं ते त्यांनी.

चित्रकार चिहिरो इवासाकी. जन्म १९१८, मृत्यू ऑगस्ट १९७४. म्हणजे तोत्तोचानचा पहिला हप्ता छापून येण्याच्या जवळजवळ साडेचार वर्षं आधी त्या गेल्या होत्या. पुस्तकातलं एकही चित्र या पुस्तकासाठी काढलेलं नाही. १९७७ मध्ये तोक्योत नेरिमा भागात, जिथे चिहिरो राहायच्या त्याच जागी त्यांच्या चित्रांचं संग्रहालय उघडलं. कुरोयानागी दर महिन्याला हप्ता लिहून झाला की तिथे जायच्या आणि ढिगातून त्या मजकुराला साजेसं चित्र निवडायच्या. चिहिरोंच्या मुलानं आणि सुनेनं त्यात मदत केली. हे शक्य झालं त्यामागेही एक हट्ट आहे. प्रकाशकाला दिलेलं मूळ चित्र परत मिळत नसे अशा काळात, आपली मूळ चित्रं आपल्याला परत मिळावीत यासाठी चिहिरो आयुष्यभर भांडल्या. त्या भांडल्या नसत्या तर निवडायला ढीगच नसता.

चित्र आधी आणि गोष्ट नंतर, त्यामुळे या पुस्तकात एक गंमत झाली. नेहमी चित्र मजकुराची साक्ष देतं: झाडावर चढली, हे बघा झाड. इथे तसं होऊच शकत नाही. रेल्वेच्या डब्यातल्या शाळेसाठी, यासुआकीसाठी, टाकीत पडलेल्या पाकिटासाठी चिहिरोंनी कधी ब्रश उचलला नव्हता. त्यांनी काढली होती मुलं: बसलेली, पाठमोरी, टोपी घातलेली, काहीतरी निरखणारी, रुसलेली. लेखिकेनं प्रसंग जुळवला नाही, मनःस्थिती जुळवली. म्हणून वाचता न येणारं मूल ही चित्रं पाहतं तेव्हा त्याला अर्धी गोष्ट कळल्यासारखं वाटत नाही. त्याला वेगळीच, पूर्ण गोष्ट दिसते. ‘मला बघायचंय’ म्हणणारी ती मुलगी पुस्तकाशी वागायची एक रीतसर पद्धत सांगत होती.

चिहिरोंची पद्धत म्हणजे पाण्याचे रंग. ओल्या कागदावर सोडलेला रंग पसरत जातो आणि आपला काठ आपण शोधतो. बाह्यरेषा फारशी नसतेच. डोळे म्हणजे दोन ठिपके. आणि भोवती कोरा कागद, भरपूर. चित्र पानाच्या एका कोपऱ्यात असतं आणि उरलेलं पान रिकामं, पण ते रिकामं वाटत नाही. तरुणपणी त्यांनी सुलेखन शिकलं होतं, ते या मोकळ्या जागेत दिसतं. आपल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या मराठी आवृत्तीत ही चित्रं काळ्या-पांढऱ्यात आहेत. रंग गेला तरी मोकळी जागा शाबूत आहे, हे आपलं नशीब.

चिहिरोंविषयी कुरोयानागींनी लिहिलेली एक गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. सहा महिन्यांचं बाळ आणि नऊ महिन्यांचं बाळ यांतला फरक त्या चित्रात दाखवू शकत. वय इतकं बारकाईनं, महिन्यांच्या हिशेबात ओळखणाऱ्या बाईची चित्रं अशा पुस्तकात गेली, ज्याचं वय चाळीस वर्षांत कोणालाच ठरवता आलेलं नाही. मुखपृष्ठावरची तपकिरी टोपीतली मुलगी किती वर्षांची असेल? मी आमच्याकडे येणाऱ्यांना विचारून पाहिलं. मुलं आपल्याएवढी सांगतात. मोठे थोडी लहान सांगतात.

पुढचा टप्पा २०१४. चिहिरोंच्याच चित्रांसह निवडक प्रसंगांचं दोन भागांतलं चित्रपुस्तक निघालं, अगदी लहानांसाठी. म्हणजे आता जपानी दुकानात एकच तोत्तो चार ठिकाणी उभी आहे: जाड बांधणीत, मोठ्यांच्या खिशातल्या आवृत्तीत, निळ्या पक्ष्यात आणि चित्रपुस्तकांत. २०२३ च्या शेवटी गिनेसनं एकाच लेखकानं लिहिलेल्या आत्मचरित्रपर पुस्तकाच्या सर्वाधिक प्रतींचा विक्रम तिच्या नावावर नोंदवला, अडीच कोटींहून अधिक. आमच्या तीन कपाटांचा घोळ जपाननं चार बांधण्या काढून सोडवला. पैसा असला की असं करता येतं.

आपल्याकडे चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा अनुवाद एकाच बांधणीत आला, परवडणाऱ्या किमतीत. कुणी तिला शिक्षणावरचं पुस्तक म्हणून वाचलं, कुणी मुलीला वाढदिवसाला दिलं. वयोगटाचा प्रश्न मात्र इथे जपानसारखा उभाच राहत नाही. देवनागरीला फुरिगाना लागत नाही. बाराखडी आणि जोडाक्षरं पक्की झाली की दुसरीतलं मूल ज्ञानेश्वरीसुद्धा मोठ्यानं वाचू शकतं. कळत नाही ही गोष्ट वेगळी. त्यामुळे मराठी पुस्तकावर ‘९ ते १२’ छापतात, तेव्हा त्यामागे ९९६ सारखा ठाम आकडा नसतो. अक्षराचा आकार, वाक्याची लांबी आणि संपादकाचा अंदाज असतो. अंदाज चांगला असू शकतो, पण त्यावर कुंपण घालण्याइतका पक्का नसतो. तोत्तोचान मराठीत मोठ्यानं वाचली तर अडतं कुठे, तर ‘मियाझाकी’, ‘ताकाहाशी’ अशा नावांपाशी. तीन-चार वेळा जीभ वळली की तीही मुलांना आवडायला लागतात.

आपल्या जुन्या मासिकांकडे बघा. ‘किशोर’नं १९७१ मध्ये नावातच वय घेतलं, आणि तरी आमच्या घरी तो अंक आधी आजोबा वाचायचे. ‘चांदोबा’नं नावात वय घेतलंच नाही. शंकर, चित्रा, वपा या चित्रकारांच्या चित्रांतले राजवाडे आणि वेताळ बघायला अक्षरओळख लागत नव्हती. लहान भावंडांनी चित्रं बघायची आणि मोठ्यांनी वाचून दाखवायचं, एवढी कामाची वाटणी ठरलेली असायची. ही वाटणी लेबलात कशी आणायची, हा माझा पुढचा प्रश्न होता.

उत्तर परत जपानमध्येच सापडलं, दुसऱ्या प्रकाशकाकडे. फुकुइन्कान शोतेन १९५६ पासून मुलांसाठी दरमहा एक चित्रपुस्तक काढतं. त्यांच्या पुस्तकांवर वयाच्या दोन ओळी असतात: वाचून दाखवणार असाल तर अमुक वर्षांपासून, मुलानं स्वतः वाचायचं असेल तर तमुक इयत्तेपासून. दोन ओळींत तीन-चार वर्षांचं अंतर असतं. त्या अंतरात मूल कोणाच्या तरी मांडीवर बसून पुस्तक बघत असतं.

आमच्या बैठकीत मी हे मांडलं. पट्ट्या काढून टाका, असं मी म्हटलं नाही, कारण त्यांचा उपयोगही आहे. पाचवीतला मुलगा स्वतःहून ‘पिवळ्या’कडे जातो आणि आईला न विचारता पुस्तक निवडतो, हे छोटं स्वातंत्र्य नाही. पण हळूहळू वाचणारा तोच पाचवीतला मुलगा हिरवी पट्टी घ्यायला लाजतो, हेही मी पाहिलंय. आमचे ग्रंथपाल काका म्हणाले, “ताई, दोन ओळी लिहू, पण मग कार्डाचं काय करायचं?” बराच वेळ वाद झाला. शेवटी पट्टी पुस्तकाच्या पाठीवरून काढून आतल्या पुठ्ठ्यावर न्यायची, तिथे ‘बघायला’, ‘ऐकायला’, ‘वाचायला’ असे तीन रकाने करायचे आणि कार्डाच्या रंगावरून कोणतंही पुस्तक अडवायचं नाही, असं ठरलं. ‘बघायला’चा रकाना त्या मुलीच्या नावावर. तोत्तोचानच्या ‘बघायला’ रकान्यात काय लिहायचं यावर एकमत झालं नाही, म्हणून तो कोरा आहे.

शिक्षणशास्त्रातली प्रत तिथेच ठेवली, कारण डी.एड.ची मुलं ती तिथेच शोधतात. बालविभागातली फाटकी प्रत बांधणीला पाठवायची होती. द्यायच्या आधी सुटी झालेली पानं नीट लावायला घेतली, तेव्हा दिसलं की सुटलेल्या पानांत जास्त पानं चित्रांची आहेत. तिथेच पुस्तक सर्वांत जास्त वेळा उघडून सपाट दाबलं गेलं होतं. बाइंडर म्हणाला, कडा मळल्यात, तिन्ही बाजूंनी पाव इंच कापून घेतो, नव्यासारखं दिसेल. मी चिहिरोचं एक पान त्याला दाखवलं, खाली कोपऱ्यात मुलगी आणि वर सगळी मोकळी जागा. म्हटलं, मळलेलं राहू द्या, कापू नका.